घंटा वाजली नाही म्हणजे सगळे ठीक आहे का?

(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानावर बोलावे, पण दहावीच्या मुलाला कळेल आणि त्याच्या अम्मीलाही कंटाळा येणार नाही असे बोलावे, अशी आपल्या चिटणीसांची मला आज्ञा होती. अट मोठी कठीण. म्हणून ज्याच्याशी या सभागृहातील प्रत्येक घराचा संबंध आलेला आहे असाच विषय मी घेतला आहे. येथे बसलेल्या मातांनी आपले बाळ मांडीवर धरून त्याला कधी ना कधी लस टोचवून घेतली आहे. बाळ रडले, तुम्ही थोपटले, घरी आलात. पण ती लस ज्या फ्रीजमध्ये ठेवली होती, तो फ्रीज आदल्या आठवड्यात एखाद्या रात्री दोन वाजता आतून किती थंड होता, हे कोणी पाहिले होते?

आरोग्य केंद्रात या फ्रीजला सगळे ‘आयएलआर’ म्हणतात. त्याच्या भिंतींना आतून बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे दिवसाच्या चोवीस तासांत आठ तास जरी वीज मिळाली तरी तो आपली थंडी टिकवून धरतो. आपल्याकडील विजेची तऱ्हा पाहता हे मोठे सोयीचे आहे. त्यात लसी अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअस या मर्यादेत ठेवायच्या असतात. उकाड्याने लस बिघडते हे बहुतेकांना माहीत असते. मात्र गोठल्यानेही काही लसी कायमच्या वाया जातात, हे पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही माहीत नसते. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, कावीळ-ब यांच्या लसींत अॅल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात. एकदा गोठले की ते कण एकमेकांना चिकटतात आणि मग लस पुन्हा पातळ झाली तरी तिचा गुण परत येत नाही. कुपीवर जो रंग बदलणारा छोटा चौकोन छापलेला असतो तो फक्त उष्णतेची खबर देतो. गोठण्याची देत नाही.

पूर्वापार पद्धत अशी की सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा थर्मामीटर पाहायचा आणि आकडा तक्त्यावर लिहायचा. ही पद्धत चांगली आहे, आणि ती मोडू नये असेच माझे मत आहे. परंतु सायंकाळची नोंद आणि सकाळची नोंद यांच्यामध्ये एक संपूर्ण रात्र असते, आणि त्या रात्रीबद्दल तक्ता काहीच सांगू शकत नाही. म्हणून २०१५ पासून भारत सरकारने ‘ई-विन’ नावाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने राज्याराज्यांत आणली. तिच्यात फ्रीजमध्ये तपमान नोंदणारे यंत्र बसवलेले असते आणि मर्यादा ओलांडली की जबाबदार माणसाच्या मोबाईलवर संदेश जातो. अशा यंत्रांचे नाक म्हणजे तपमान ओळखणारा संवेदक. हल्ली हा संवेदक पुष्कळदा हरभऱ्याच्या डाळीएवढी एक चिप असतो. ही चिप तपमान कसे ओळखते, धोक्याची घंटा कशी वाजवते आणि मुख्य म्हणजे ती स्वतःच आजारी पडली तर आपल्याला कसे कळते, हे मी सांगणार आहे. पहिल्या दोन गोष्टी तुम्हांला पुस्तकात सापडतील. तिसरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

प्रथम चिप ओळखते कशी ते पाहू. विद्यार्थ्यांनी ट्रान्झिस्टर पाहिला असेल. त्याला तीन पाय असतात. त्यांतील बेस आणि एमिटर या दोहोंमधून ठराविक प्रवाह सोडला तर तेथे काही विद्युत्दाब मिळतो, आणि तपमान एका अंशाने वाढले की तो सुमारे दोन मिलिव्होल्टनी उतरतो. म्हणजे ट्रान्झिस्टर हा जन्मजात थर्मामीटर आहे. अडचण अशी की प्रत्येक ट्रान्झिस्टरचा मूळ दाब थोडा वेगळा असतो. ही अडचण इंजिनियरांनी फार सुंदर युक्तीने सोडवली. एकाच प्रकारच्या ट्रान्झिस्टरमधून आधी एक प्रवाह सोडायचा, मग त्याच्या दहापट सोडायचा, आणि दोन्ही वेळच्या दाबांतील फरक तेवढा घ्यायचा. हा फरक कारखान्यातील कमीजास्तीवर अवलंबून राहत नाही; तो केवळ निरपेक्ष तपमानावर आणि निसर्गाच्या दोन स्थिरांकांवर ठरतो. दहापट प्रवाहाला तो दर अंशाला सुमारे ०.२ मिलिव्होल्ट येतो.

आता हा हिशेब लसीच्या फ्रीजला लावून पाहा. २ अंशाला फरक येतो सुमारे ५४.६ मिलिव्होल्ट आणि ८ अंशाला सुमारे ५५.८. म्हणजे लस सुरक्षित आहे की नाही याचा सारा निवाडा सव्वा मिलिव्होल्टपेक्षाही कमी जागेत होतो! टॉर्चच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट, त्याचा हा हजारावा हिस्साही नव्हे. चिपच्या पोटातच एक परिवर्तक असतो, तो या बारीक दाबाचे आकड्यात रूपांतर करतो. ‘डिजिटल’ याचा येथे अर्थ इतकाच की नाजूक दाब लांब तारेतून पाठवावा लागत नाही. तो जागच्या जागी मोजून तयार आकडाच बाहेर दिला जातो, आणि आकड्याला वाटेत गळती लागत नाही.

बाजारात या जातीच्या चिपा पुष्कळ आहेत. मी दोनच घेतो, कारण दोघींचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. पहिली ‘एलएम ७५’, अमेरिकेतील नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. दुसरी ‘डीएस १८बी२०’, मूळ डॅलस सेमिकंडक्टरची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुसरी मागितलीत तर पोलादी टोपणात बसवून, तीन तारा लावून मिळते. तिच्या नकलाही फार आहेत, तेव्हा घेताना जपून.

एलएम ७५ जन्माला आली ती संगणकासारख्या यंत्रांच्या पेटीसाठी. ती सतत मोजत असते, दर सेकंदाला अनेक वेळा. तिच्यात दोन आकडे लिहून ठेवता येतात. वरचा आकडा घंटा वाजवण्याचा, खालचा घंटा थांबवण्याचा. कोणी काही लिहिले नाही तर वरचा ८० आणि खालचा ७५ अंश असतो. दोन आकडे कशाला, एक पुरे की, असे कोणी म्हणेल. समजा एकच आकडा ठेवला, ८०. तपमान ८०च्या आसपास रेंगाळू लागले की पंखा चालू, बंद, चालू, बंद असा चाळा सुरू होईल आणि तासाभरात रिले जळेल. म्हणून ८० ला चालू झालेला पंखा ७५ पर्यंत थंडावा आल्याशिवाय थांबत नाही. तुमच्या घरच्या पाण्याच्या टाकीचा पंप असाच चालतो: टाकी तळाला गेली की सुरू, काठोकाठ भरली की बंद, मधल्या पातळीवर त्याचे काही म्हणणे नसते.

दुसरी खबरदारी अधिक शहाणपणाची आहे. शेजारी मोटर सुरू झाली, तारेत क्षणभर विजेची ठिणगी उडाली, की एखादे माप चुकीचे येऊ शकते. तेवढ्यावर बोंब ठोकणे बरे नव्हे. म्हणून चिपला सांगता येते की लागोपाठ १, २, ४ किंवा ६ मापे मर्यादेबाहेर आली तरच घंटा वाजव. मधले एक माप जरी ठीक आले तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

घंटा वाजवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. पहिलीत तपमान वर असेपर्यंत इशारा चालू राहतो आणि खाली आले की आपोआप थांबतो. पंखा चालवायला ही उत्तम. दुसरीत चिप वर्गातल्या मुलासारखा हात वर करते, आणि मुख्य यंत्र येऊन तिची नोंद वाचेपर्यंत तो खाली घेत नाही. मधल्या काळात तपमान पुन्हा ठीक झाले तरीही हात वरच. रात्री घडून गेलेली गोष्ट सकाळी कळायला हवी असेल तर ही दुसरी तऱ्हा हवी.

डीएस १८बी२० चा स्वभाव याच्या उलट. ती आपण होऊन काहीच करीत नाही. ‘मोज’ असा हुकूम मिळाला तरच मोजते. पूर्ण बारकाईने मोजायला तिला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. मग आलेला आकडा ती आपल्यापाशी ठेवलेल्या वरच्या व खालच्या मर्यादेशी ताडून पाहते आणि मर्यादेबाहेर असेल तर पोटात एक खूण करून ठेवते. बस्स. ओरडणे तिच्या स्वभावात नाही. एकाच तारेवर अशा अनेक चिपा जोडता येतात, कारण प्रत्येकीला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. मुख्य यंत्राने तारेवर विचारायचे, ‘कोणाची खूण लागली आहे?’ ज्यांची लागली असेल त्याच उत्तर देतात, बाकीच्या गप्प बसतात. पन्नास जणींना एकेक करून विचारत बसावे लागत नाही.

ही मर्यादा लिहिताना एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो, तो विद्यार्थ्यांसाठी सांगतो. डीएस १८बी२० माप देते अंशाच्या सोळाव्या भागापर्यंत, पण मर्यादेशी तुलना करताना फक्त पूर्ण अंश पाहते. अपूर्णांक सोडून देते. त्यामुळे खालची मर्यादा २ लिहिली तर २.९ अंशालाही खूण लागते, कारण तिच्या लेखी ते २ च असतात. खरोखर २ च्या खाली गेल्यावरच खूण हवी असेल तर १ लिहावे लागते. शिवाय सोळाव्या भागापर्यंत आकडा दिसतो म्हणून तो तितका अचूक असतो असे मुळीच नाही. उणे १० ते अधिक ८५ या पट्ट्यात अर्ध्या अंशाची चूक तिला कारखान्यानेच माफ केलेली आहे. एलएम ७५ ला तर दोन अंशांची माफी आहे. लसीसाठी सगळी जागा सहा अंशांची. त्यात दोन अंशांची चूक करणारी चिप कशी चालेल? संगणकाचा पंखा चालवायला ती ठीक.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा वर्गात गुरुजींनी विचारले, ‘मुलांनो, कोणाची तब्येत बरी नाही? हात वर करा.’ एकही हात वर झाला नाही. गुरुजींनी समजून घेतले, सगळी मुले ठणठणीत आहेत. पण जो मुलगा तापाने फणफणून घरी पडला आहे, तो वर्गात आलेलाच नाही! त्याचा हात वर कसा होणार? डीएस १८बी२० च्या बाबतीत नेमके हेच घडते. उंदराने तार कुरतडली, जोड सैल झाला, तर ती चिप ‘कोणाची खूण लागली आहे’ या प्रश्नाला उत्तर देणार नाही, आणि मुख्य यंत्र खुशाल हिरवा दिवा दाखवत राहील. यावर उपाय गुरुजींना हजार वर्षांपासून ठाऊक आहे: आधी हजेरी घ्या. दर फेरीत प्रत्येक चिपला तिच्या क्रमांकाने हाक मारली पाहिजे, तिने ‘हजर’ म्हटले पाहिजे, आणि जिने म्हटले नाही तिच्या नावाने वेगळी घंटा वाजली पाहिजे. ही घंटा ‘तपमान वाढले’ अशी नव्हे, तर ‘मला दिसेनासे झाले’ अशी. या दोन घंटा एकच समजणे मला धोक्याचे वाटते, कारण पहिलीला लस हलवावी लागते आणि दुसरीला तार जोडावी लागते.

‘हजर’ म्हणण्याची पद्धतही मजेदार आहे. तार एरवी एका रोधकाने वर ओढून धरलेली असते, म्हणजे तिच्यावर दाब असतो. मुख्य यंत्र ती तार क्षणभर जमिनीला टेकवून सोडते. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. त्यावर चिप स्वतः ती तार थोडा वेळ खाली ओढते, हीच तिची ‘हजर’. तार तुटली असेल तर कोणी खाली ओढत नाही, आणि गैरहजेरी लगेच कळते. पुष्कळ तयार प्रोग्रॅम अशा वेळी उणे १२७ हा आकडा देतात. चिप उणे ५५ च्या खाली मोजूच शकत नाही, तेव्हा उणे १२७ म्हणजे ‘चिप सापडली नाही’ असे समजायचे. पण ज्याला हे माहीत नाही तो हा आकडा सरासरीत धरतो. तीन चिपा ५ अंश सांगत आहेत आणि चौथी तुटली आहे, तर सरासरी निघते उणे २८. फ्रीज बिचारा जागच्या जागी ठीक असतो.

तार तुटण्यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटणे. तारेचे आवरण झिजले, आत ओल गेली, आणि निरोपाची तार जमिनीच्या तारेला टेकली. आता तार कायमची खालीच आहे. भोळा प्रोग्रॅम म्हणतो, ‘तार खाली ओढली गेली, म्हणजे चिप हजर!’ मग तो आकडा वाचतो, तर सगळी शून्ये येतात. शून्य म्हणजे शून्य अंश. हा आकडा फ्रीजमध्ये अगदी पटण्याजोगा आहे, हीच गोची.

तुम्ही विचाराल की आकडा वाटेत बिघडला तर ओळखायची काही सोय नाही का? आहे, तिला सीआरसी म्हणतात. बँकेचा चेक लिहिताना आपण रक्कम आकड्यांत लिहितो आणि पुन्हा अक्षरी लिहितो; दोन्ही जुळली नाहीत तर बँक चेक परत करते. तसे ही चिप आपल्या आठ बाइट्सचा एका विशिष्ट गणिताने निघालेला पडताळा नवव्या बाइटमध्ये पाठवते. वाटेत एक बिट जरी उलटला तरी पडताळा जुळत नाही. पण सगळी शून्ये आली तर त्यांचा पडताळाही शून्यच निघतो, आणि तो जुळतो! आकड्यात शून्य, अक्षरीही शून्य, चेक पास. या सापळ्यातून सुटायची वाट चिप बनवणाऱ्यांनीच ठेवलेली आहे. पाचव्या बाइटमध्ये पाच बिट असे आहेत की ते नेहमी १ च असतात. तेही शून्य दिसले तर समजावे की पलीकडे चिप बोलत नाही, तार चिकटली आहे. एवढी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहायची असते. ती पुष्कळजण लिहीत नाहीत.

तिसरा प्रकार ८५ अंशांचा. या चिपला वीज मिळताच, पहिले माप होईपर्यंत तिच्या वहीत ८५ हा आकडा लिहिलेला असतो. मोजता मोजता वीज क्षणभर डळमळली तर चिप नव्याने जागी होते आणि वाचणाऱ्याच्या हाती ८५ येतो. लसीच्या फ्रीजमध्ये हे अशक्य आहे हे कोणालाही कळेल, पण म्हणून तो आकडा गुपचूप टाकून देऊ नये. वारंवार ८५ येणे ही वीजपुरवठा अशक्त असल्याची तक्रार आहे. ती लिहून ठेवावी. आणि पाण्याच्या बॉयलरवर हीच चिप लावली असेल तर ८५ खराही असू शकतो. तेव्हा टाकून देण्याआधी पुन्हा मोजायला सांगणे हाच मार्ग.

भट्टीसारख्या प्रखर उष्णतेला या चिपा टिकत नाहीत. तिथे थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडलेल्या तारा वापरतात. आपल्यापैकी ज्यांचा बेकरीचा व्यवसाय आहे त्यांनी ही तार पाहिली असेल. तिच्यासाठी ‘मॅक्स ३१८५५’ नावाची चिप आहे, आणि ती मला विशेष आवडते, कारण ती तपमानाबरोबर स्वतःच्या तारेची प्रकृतीही कळवते. तार तुटली, तार जमिनीला टेकली, तार विजेच्या बाजूला टेकली, या तीन दुखण्यांसाठी तिच्या निरोपात तीन वेगळे बिट आहेत. भट्टीत तर तुटलेल्या तारेचा धोका दुहेरी. यंत्राला वाटते भट्टी थंड आहे, आणि ते आणखी जाळ वाढवते. म्हणून जुन्या जाणत्या कारागिरांनी नियंत्रकात अशी सोय ठेवली की तार तुटली तर काटा सरळ वरच्या टोकाला जावा आणि जाळ बंद व्हावा. माल अर्धाकच्चा राहिला तरी चालेल, पण आग नको. बिघाड झालाच तर तो कोणत्या बाजूला पडावा, हे आधी ठरवून ठेवणे याला मी खरी इंजिनियरी म्हणतो.

हाच विचार एलएम ७५ च्या घंटेच्या तारेला लावा. नेहमीच्या जोडणीत ही तार रोधकाने वर धरलेली असते; धोका असला की चिप ती खाली ओढते. सोयीची व्यवस्था आहे, कारण अनेक चिपा एकाच तारेवर बसतात आणि कोणीही ओढली तरी खबर पोचते. कोणी ओढली हे शोधण्याचीही रीत आहे. काही चिपांत अशी सोय असते की मुख्य यंत्राने ‘कोणी बोलावले?’ असे विचारले की ओढणारी आपला पत्ता सांगते. परंतु चिपची वीजच गेली, किंवा तार मध्येच तुटली, तर? तार वरच राहणार, आणि वर म्हणजे ‘सगळे ठीक’. मेलेली चिप आणि सुखी चिप यांत फरकच दिसत नाही.

सुदैवाने चिपमध्ये एक बिट असा आहे की तो बदलला की अर्थ उलटा होतो. मग ठीक असताना चिप तार खाली ओढून धरते आणि धोका असला की सोडून देते. आता वीज गेली तरी तार सुटते, मधे तुटली तरी सुटते, आणि प्रत्येक वेळी घंटा वाजते. रात्रीचा पहारेकरी दर तासाला ‘सब ठीक’ म्हणून हाळी देतो ना? त्याची हाळी ऐकू आली नाही की घरातली दादी आधी उठून बसते. तीच रीत. मात्र अशा जोडणीत तारेवर एकच चिप ठेवावी. अनेक असल्या तर एकीने सोडली तरी दुसरी तार खाली धरून ठेवील.

आणखी एक खोच. एलएम ७५ ला लिहून दिलेले आकडे वीज गेल्यावर आठवत नाहीत. तुम्ही बॅटरीच्या पेटीसाठी मर्यादा ४५ लिहिली, रात्री वीज क्षणभर गेली आणि आली, तर चिप मुकाट्याने आपल्या जन्माच्या ८० वर परत जाते. त्यानंतर पेटी ६० अंशांवर गेली तरी ती गप्प, आणि तिच्या दृष्टीने तिचे काही चुकलेलेही नाही. म्हणून मुख्य यंत्राने अधूनमधून मर्यादेचा आकडाही वाचून पाहावा. डीएस १८बी२० मध्ये हा आकडा कायमच्या स्मृतीत ठेवता येतो.

इतके सगळे नीट झाले तरी प्रश्न उरतो की घंटा केव्हा वाजावी. लागोपाठ सहा मापांची अट सेकंदभरातच पुरी होते. ती विजेच्या ठिणगीला चुकवील, पण लस काढायला झाकण उघडले, बाहेरची हवा आत गेली, त्याला ती कशी चुकवणार? दर वेळी घंटा वाजू लागली तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिचे तोंड चिंधीने बांधून ठेवील. जागतिक आरोग्य संघटनेने तीस दिवसांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रांसाठी ठरवलेली मुदत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ८ अंशांच्या वर सलग १० तास राहिले तर घंटा. पण उणे ०.५ किंवा त्याखाली मात्र ६० मिनिटे राहिले तरी घंटा. हा भेद का? उष्णतेचे नुकसान हळूहळू साचत जाते, काही तास लस तग धरते. गोठणे मात्र एकदा झाले की झाले. घंटेची मुदत कंटाळ्यावर नव्हे, तर लसीच्या स्वभावावर बेतलेली आहे. मघाचे ते खोटे शून्य अंश येथे पुन्हा आठवा. शून्य हे उणे ०.५ च्या वर आहे आणि ८ च्या खाली आहे. म्हणजे चिकटलेल्या तारेवरचा फ्रीज महिनाभर शून्य दाखवील आणि एकही घंटा वाजणार नाही.

मोबाईलवर संदेश जाणार असेल तर तो ज्याच्याकडे जातो त्याची बदली झाली आहे का, नंबर बदलला आहे का, हेही या यंत्रणेचेच भाग आहेत. सिमकार्ड बंद पडले तर यंत्र कितीही ओरडो, बाहेर आवाज जात नाही. म्हणून दूरच्या संगणकाने ‘अमक्या केंद्राकडून बराच वेळ काहीच आले नाही’ याचीही घंटा वाजवली पाहिजे. पुन्हा तीच हजेरी.

विद्यार्थ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत हे सगळे करून पाहावे, खर्च फारसा येत नाही. पोलादी टोपणाची चिप घ्या. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून ढवळा, त्यात ती पाच-दहा मिनिटे ठेवा. आकडा शून्याच्या अर्ध्या अंशात आला पाहिजे. नाही आला तर चिप नकली असण्याचा संभव आहे. मग घंटेची मुदत तात्पुरती दोन मिनिटांवर आणून चिप मुठीत धरा आणि घंटा वाजते का पाहा. त्यानंतर निरोपाची तार उपसा, आणि ‘तपमान वाढले’ याहून वेगळी घंटा वाजते का पाहा. ती तार जमिनीच्या तारेला टेकवा, आणि तुमचे यंत्र शून्य अंश म्हणते की ‘बिघाड’ म्हणते ते पाहा. पालकांपैकी ज्यांच्या औषधांच्या दुकानात किंवा दवाखान्यात असा फ्रीज आहे, त्यांनीही बसवून देणाऱ्याकडून यांतली तार उपसण्याची परीक्षा आपल्यासमोर करून घ्यावी. परीक्षा झाली की मुदत पुन्हा मूळ आकड्यावर आली आहे आणि तार जागेवर घट्ट बसली आहे हे पाहून, तक्त्यावर तारीख घालून सही करावी.